दादासाहेबांच्या डिस्कचा मान

धारूर,
४ सप्टेंबर १९९७

प्रिय महांतेश,

शरणु शरणार्थी.

दिलेल्या वस्तूला पहिला मान मिळाला नाही, तर देणाऱ्याचं नेमकं काय कमी होतं? दोन दिवस मी हा प्रश्न स्वतःला विचारते आहे आणि मला उत्तर येत नाही. बी.एस्सी. झाले, कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केला, घराण्यातली पहिली पदवीधर म्हणून बाबांनी माझा फोटो दुकानात तेलाच्या डब्यांवर लावला, तरी येत नाही. तू पुण्यात दुकानात बसून रोज चार कॉम्प्युटर उघडतोस, म्हणून तुला विचारते.

गेल्या नोव्हेंबरपासून मी इथल्या ट्रस्टच्या दवाखान्यात क्षयरोगाच्या नोंदी बघते, हे आत्याकडून तुला कळलं असेलच. आमचा कॉम्प्युटर चार वर्षांचा आहे. त्यात मी जुन्या-नव्या तीनशे अठरा पेशंटांची यादी केली आहे. नाव, गाव, औषध कधी सुरू झालं, कोणत्या मुकादमाच्या टोळीत आणि कोणत्या कारखान्यावर जाणार. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि हे औषध सहा महिने खंड न पाडता घ्यावं लागतं. म्हणून कोण कुठे जाणार ते विचारून ठेवायचं आणि तिकडच्या दवाखान्याला आधी पत्र टाकायचं, असं माझं काम. पण मुकादमाला नुसता संशय आला तरी तो जोडी घेत नाही. नवऱ्याला खोकला असला तर बायकोचंही काम गेलं. त्यामुळे ही यादी माझ्या आणि डॉक्टर वनमालाताईंच्या पलीकडे जाणार नाही, असा शब्द मी प्रत्येकाला दिला आहे. लोक मला कानात सांगतात. खरंच कानात, पदर तोंडावर धरून.

आता कॉम्प्युटरची डिस्क भरली. ट्रस्टचे अध्यक्ष दादासाहेब (मोठे पुढारी आहेत, तुला माहीत आहेत) यांनी नवी डिस्क भेट दिली. दोन गिगाबाइटची! जुनीच्या दहापट. पण ती निराळ्या प्रकारची निघाली. जुन्या डिस्कच्या चपट्या पट्टीला चाळीस टोकं आहेत, हिला पन्नास. सोबत एक कार्ड आहे, त्यावर स्कझी असं लिहिलंय. हे कार्ड कुठे बसतं?

खरी गोष्ट पुढेच आहे. दादासाहेबांचा पुतण्या योगीराज पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आला आणि टेबलावर कोपर टेकून म्हणाला,

"म्याडम, यंत्र सुरू झालं की पयलं कोन बोलतं?"

"जुनी डिस्क."

"मग आमच्या दादाची कवा?"

"तिचा नंबर नंतर. ती दुसरी डिस्क."

"दुसरी? आवो, कालच्या पोळ्याला आमची जोडी आदी येशीतून निघाली, मग गाव निघालं. अन् इथं दादा दुसरे?"

"अहो, ही डिस्क आहे, बैल नाही."

"बैलापरीस महाग हाय," तो म्हणाला, आणि स्वतःच हसला. मग हसू पुसून म्हणाला, "खंडेनवमीला दादा उद्घाटनाला येनार. यंत्र त्यांच्या डिस्कवरूनच सुरू झालं पायजे. न्हाई जमलं तर जुनी काढून फेका."

मला इतका राग आला की दुपारचा डबा तसाच परत नेला. रोग्यांच्या दवाखान्यात डिस्कचा मान! पण डिस्क हवी आहे, जागा संपली आहे. तर सांग, हे कसं करायचं?

आत्याला माझा नमस्कार सांग.

तुझी,
रुद्राणी


पुणे,
११ सप्टेंबर १९९७

प्रिय रुद्राणी,

पत्र वाचून हसू आलं. तू अजून तशीच. मामांनी कमी वजन केलं म्हणून गिऱ्हाइकासमोर त्यांच्याशी भांडलेली मुलगी तूच ना?

अगोदर काम. कार्ड आतल्या मोकळ्या लांब खाचेत बसव. पन्नास टोकांची पट्टी त्या कार्डाला लागते, जुन्या डिस्कच्या जागी नाही. डिस्कच्या मागे बारीक पिना आहेत, त्यांवर नंबर ठरतो. शून्य ठेव. आणि पट्टीच्या शेवटच्या टोकाला टर्मिनेटर, म्हणजे पट्टी बंद करणारा छोटा तुकडा, असावा लागतो. तो नसला की डिस्क घटकेत दिसते, घटकेत नाहीशी होते. निम्मे लोक इथेच फसतात.

आता मानाचं. यंत्राची सवयच अशी, की जुन्या प्रकारची डिस्क सापडली की ते तिलाच आधी हाक मारतं. स्कझीवाली कितीही महाग असो, तिला थांबावं लागतं. दोन्ही ठेवून नवीला पहिली करायची तर एकच उपाय. जुनीवरचं सगळं नवीवर कॉपी कर, नवीवर यंत्र सुरू होण्याच्या मूळ फाइली टाक, आणि मग यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन सांग की जुनी डिस्क नाहीच. ती पेटीत राहील, पण यंत्र तिची ओळख दाखवणार नाही.

एवढं रागावू नकोस. त्यांना मान हवा, तुला जागा हवी. दोघांचं भागतं. इकडे रोज नवी कंपनी उघडते, रोज नवी वस्तू येते. इथे असली भांडणं करायला कोणाला वेळ नाही. डिस्क कोणी दिली, कुठून आली, या खोलात तू शिरू नकोस. मिळाली ना? वापर.

आई दिवाळीला तिकडे येऊन मामांशी आपल्या दोघांचं बोलणार आहे. तुला अंदाज असेलच.

तुझा,
महांतेश


धारूर,
२३ सप्टेंबर १९९७

प्रिय महांतेश,

जमलं! टर्मिनेटरपाशीच मीही फसले. दोन दिवस डिस्क दिसायची आणि यादी उघडायला गेलं की गायब. शेवटी खोक्याच्या तळाशी एका पुडीत तो तुकडा सापडला. लावला आणि पडद्यावर दोन गिगाबाइट दिसले. मी एकटीच होते, तरी टाळ्या वाजवल्या. शिपाईमामा विचारायला आले, "पोरी, कोन आलं?"

तू सांगितलंस तसं सगळं कॉपी केलं. मग यंत्राला सांगितलं की जुनी डिस्क नाही. ते सांगताना मात्र वाईट वाटलं. चार वर्षं जिने सगळं काम ओढलं, ती आपल्याच घरात बसून आहे आणि घर म्हणतं, असं कोणी इथे राहतच नाही. तू हसशील.

पण दुसऱ्या दिवशी योगीराज आला आणि म्हणाला, डिस्क आठ दिवस पुण्याला न्यायची आहे. यंत्र सुरू झालं की दादासाहेबांचा फोटो आणि खाली दोन ओळी दिसल्या पाहिजेत, ते तिथे करून मिळतं. मी म्हणाले, "त्यात पेशंटांची यादी आहे." तो म्हणाला, "आमाला काय करायचं लोकांच्या खोकल्याचं?" वनमालाताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, अध्यक्षांची वस्तू आहे, नाही कशी म्हणू? मला त्यांचाही राग आला. जागा ट्रस्टची, छप्पर ट्रस्टचं, मग आपलं म्हणावं असं इथे काय आहे?

पण मी मूर्ख नाही. डिस्क द्यायच्या आधी पेशंटांच्या तिन्ही फाइली त्यावरून पुसून टाकल्या आणि पुन्हा बघून खात्री केली. आता दिसत नाहीत. यंत्राला जुन्या डिस्कची ओळख परत करून दिली आणि काम तिच्यावरच चालू ठेवलं. पुसलं म्हणजे पुसलं ना? तुझ्याकडून एकदा ऐकलं की मी निवांत होईन.

दुसऱ्या विषयाचं मी इथे काही लिहीत नाही. आत्या येईल तेव्हा बघू.

तुझी,
रुद्राणी


पुणे,
२ ऑक्टोबर १९९७

प्रिय रुद्राणी,

घाईत आहे, थोडक्यात लिहितो. पुसलं की ते दिसत नाही, एवढं खरं. काळजी करत बसू नकोस.

तुझी तब्येत कशी आहे? गेल्या वर्षी परीक्षा झाल्यावरही तू सहा महिने नोकरी न बघता अंबाजोगाईला घरीच राहिली होतीस. मामी सगळ्यांना सांगायच्या, पुढच्या अभ्यासासाठी राहिली आहे. मी तेव्हा काही विचारलं नाही. तुला मला काही सांगायचं असेल तर सांग.

आईचे गुडघे दुखतात. दिवाळीला तिचं येणं होईलसं वाटत नाही. मामांना तसं कळवलं आहे.

महांतेश


धारूर,
१७ ऑक्टोबर १९९७

महांतेश,

माझी तब्येत उत्तम आहे. आत्याच्या गुडघ्यांना तिळाचं तेल लावायला सांग. बाकी जे विचारतोस त्याचं उत्तर द्यायच्या मनःस्थितीत मी नाही. का ते वाच.

खंडेनवमीला उद्घाटन झालं. डिस्कवाल्या पेटीला हळदकुंकू, हार, नारळ. यंत्र सुरू झालं, दादासाहेबांचा हात जोडलेला फोटो आला, टाळ्या झाल्या. दादासाहेब म्हणाले, "आता आपलं धारूर पुण्याच्या मागं न्हाई." मीही टाळ्या वाजवल्या. हे लिहायला लाज वाटते, पण वाजवल्या.

तिसऱ्या दिवशी चतुराबाई आली. तिचा नवरा सटवा आमचा पेशंट. जूनपासून औषध चालू आहे, थुंकी ऑगस्टमध्येच स्वच्छ झाली, त्याच्यापासून कोणालाही धोका नाही. तो बाहेर ओट्यावर बसून राहिला. ती आत आली, माझ्या समोर उभी राहिली आणि सगळ्या पेशंटांदेखत म्हणाली,

"ए बाई, मी तुझ्या कानात सांगितलं व्हतं ना?"

"काय झालं मावशी?"

"मावशी म्हनू नको. राधाकिशन मुकादमाच्या कागदात आमचं नाव कसं गेलं? त्यानं वाचून दाखवलं चार मानसांत. सटवा, खोकला, गोळ्या चालू. म्हनला, तुमची जोडी न्हाई घेत औंदा. तू कावून सांगितलंस? आमी तुझं काय वाईट केलतं?"

मी म्हणाले, मी कोणालाही सांगितलेलं नाही. ती म्हणाली, "मग काय भिंतीनं सांगितलं?"

मी तिच्यासोबत तशीच राधाकिशनच्या घरी गेले. तो खाटेवर बसून पान लावत होता. कागद मागितला, तर त्याने उशाखालून काढून दाखवला. लपवण्यासारखं त्याला त्यात काही वाटतच नव्हतं.

"दादाच्या पुतन्यानं दिलाय. दिल्लीचं सरकार कवा पडंल अन् कवा मतदान लागंल, काय नेम हाय? कोन कुठल्या कारखान्यावर हाय हे ठावं असलं की ट्रक पाठवून मानसं आनता येत्यात. म्हनून दिला. त्यात हे निघालं. आता माझ्या टोळीत रोगी घुसवू का?"

"हा रोगी नाही आता. बरा होत आलाय."

"तुमी डाक्टर हाव का?"

"नाही."

"मग झालं तर."

कागद माझाच होता, महांतेश. माझे रकाने, माझा क्रम. गोळ्या किती घेतल्या ते मी शेवटच्या रकान्यात बारीक आकड्यांत लिहिते, तेसुद्धा जसंच्या तसं. दोन पानं, वीस-वीस नावांची, धारूरकडच्या गावांची. आजपर्यंत अकरा जोड्यांना मुकादमांनी नको म्हटलं आहे. मी वनमालाताईंना म्हणाले, पोलिसात जाऊ. त्या म्हणाल्या, "रुद्राणी, दवाखाना बंद पडला तर तीनशे लोकांचं औषध बंद पडेल. अकरांसाठी तीनशेंचं नुकसान करू का?" हे बरोबर आहे असं मला वाटत नाही. कोणाचं गणित आहे हे?

मग मी रिकामं खोकं पुन्हा उघडलं. टर्मिनेटरची पुडी ज्या कप्प्यात होती त्याच्याखाली गॅरंटीचं कार्ड आहे. त्यावर तुझ्या दुकानाचा शिक्का आहे. विक्री करणाऱ्याची सही महांतेश अशी आहे, मराठीत, म ला लांब शेपटी. ती सही मी दर राखीपौर्णिमेच्या पत्राखाली बघत आले आहे, माझ्या धाकट्या बहिणीच्या, रेणुकाच्या राखीला उत्तर म्हणून तू पाठवतोस त्या.

मी डिस्क यंत्रातून काढली आहे. ती माझ्या पिशवीत, साडीत गुंडाळून आहे. योगीराजला सांगितलं आहे की यंत्र नादुरुस्त आहे.

मला तीनच गोष्टी सांग. ती डिस्क तू विकलीस का? मी पुसलेल्या फाइली त्यावर परत कोणी आणल्या? आणि दोन पानंच का छापली, बाकीची कुठे आहेत?

रुद्राणी


पुणे,
२२ ऑक्टोबर १९९७

रुद्राणी,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. खोटं लिहून काही उपयोग नाही.

डिस्क मीच विकली. दादासाहेबांच्या संस्थांसाठी दहा कॉम्प्युटरांची ऑर्डर आमच्या दुकानाला मिळणार होती आणि ती मिळवून आणली तर मालक मला भागीदार करणार होते. योगीराजला भारी वस्तू हवी होती, मी स्कझी दिली. तुमच्या दवाखान्याला तिची गरज नव्हती, हे मला माहीत होतं. पहिल्या पत्रातच सांगायला हवं होतं.

फाइली मी परत आणल्या. पुसलेली फाइल जात नसते. तिच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर पुसलं जातं आणि जागा मोकळी आहे अशी खूण होते. ते एक अक्षर परत टाइप केलं की फाइल उठून बसते. योगीराज दुकानात माझ्या शेजारी बसला होता. म्हणाला, "पाव्हणं, तिकडच्या पोरीनं चुकून कायतरी उडवलंय, बघा बरं." तू मुद्दाम पुसलं होतंस हे मला माहीत होतं, तुझं पत्र खिशात होतं. तरी मी ते अक्षर दाबलं. तिन्ही फाइलींना एकेक. मला वाटलं, त्यांच्याच ट्रस्टची यादी, त्यांनी बघितली तर काय बिघडतं? इतकाच विचार केला. खरं तर तेवढाही केला नाही.

दोन पानं छापली आणि प्रिंटरची रिबन फाटली. योगीराजची गाडी निघायची होती. म्हणाला, बाकीचं तिकडे डिस्कवरून काढून घेऊ. म्हणजे बाकीची गावं अजून बाहेर गेलेली नाहीत. दुकानात मी कॉपी ठेवलेली नाही. या एका गोष्टीवर विश्वास ठेव.

आणि उठलेली यादी बरोबर आहे का हे बघायला मी ती वरून खाली फिरवली. एक्केचाळिसावं नाव वाचलं. अंबाजोगाई, वय बावीस. औषध फेब्रुवारी ते ऑगस्ट शहाण्णव.

मला तू का सांगितलं नाहीस? मी आईला सांगितलं. मन हलकं करायला सांगितलं, पण आईचं तुला ठाऊक आहे. मी तिला समजावीन, थोडा वेळ दे. तू आता गप्प राहा. डिस्क जशी आहे तशी योगीराजला देऊन टाक, ही माणसं वाईट आहेत. तिथली नोकरी सोड आणि पुण्याला ये, इथे मी तुझ्यासाठी बघतो. बाहेर कोणालाच काही कळायचं कारण नाही.

चुकलो.

महांतेश


धारूर,
२८ ऑक्टोबर १९९७

महांतेश,

पत्र मिळालं. खरं लिहिलंस, त्याबद्दल आभार. तुझ्यावरचा राग त्याने कमी झालेला नाही.

चतुराबाई आणि सटवा काल ट्रकमध्ये बसून गेले. अकरापैकी आठ जोड्या गेल्या. तीन अजून इथेच आहेत आणि त्यांना मिळेल ते काम वनमालाताई शोधत आहेत. ताईंनी प्रत्येक पेशंटाला बरं होत असल्याचा दाखला स्वतःच्या सहीने दिला. पोलिसात जायला त्यांनी तेव्हा का नकार दिला हे मला अजून पटलेलं नाही, पण सह्या करताना त्यांचा हात थांबला नाही, हेही लिहायला हवं.

डिस्कचं ऐक. नुसतं पुसणं पुरत नाही हे तूच शिकवलंस. म्हणून मी दवाखान्यातली एक छोटी फाइल घेतली. त्यात एवढंच आहे, की खोकला तीन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर थुंकी तपासून घ्या, औषध मोफत आहे, हा आजार बरा होतो. दादासाहेबांच्या डिस्कवरचं सगळं आधी पुसलं, फोटोसकट, मतदारांच्या याद्यांसकट, कारण त्याही निघाल्या. मग ती फाइल तिच्यावर कॉपी करत गेले. एकाच्या दोन, दोनाच्या चार, त्यांची एकत्र एक मोठी फाइल, तिच्या परत चार. दुपारी जागा शिल्लक नाही असं यंत्राने सांगेपर्यंत. आता पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत तिच्यात तेवढंच आहे. योगीराज आला तेव्हा त्याच्या हातात दिली.

"फोटो हाय ना दादांचा?"

"नाही. त्यांना आवडेल असा मजकूर आहे. लोकांच्या उपयोगाचा."

त्याने माझ्याकडे बघितलं. "म्याडम, नोकरीची गरज न्हाई वाटतं?" मी म्हणाले, गरज आहे, पण इथे माझी नेमणूक ताईंनी केली आहे, काढायचं तर त्यांनी काढावं. अजून काढलेलं नाही. पगार मात्र अडवला आहे. जुन्या डिस्कवर आता नावं नाहीत, नुसते नंबर आहेत. नावांची वही ताईंच्या कुलपात आहे आणि प्रत्येक पेशंटाच्या हातात त्याचं स्वतःचं कार्ड आहे.

आत्याला मी वेगळं पत्र लिहून कळवलं आहे की आपल्या दोघांबद्दल बाबांकडे काही बोलू नये. माझ्या आजारामुळे नाही म्हणायची वेळ तिच्यावर येणार नाही, कारण नाही मी म्हटलं आहे. तू मला गप्प राहायला सांगतोस, आणि तुझ्याजवळ माझं सगळं बाहेर न कळता राहील असं सुचवतोस. शेजारच्या माणसाने मागितलं म्हणून तू जे दाबलंस, ते दुसऱ्या वेळी दाबणार नाहीस, हे मी कशावरून धरू?

तुला मी का सांगितलं नाही, असं विचारतोस. चतुराबाई का सांगत नव्हती? त्याच कारणाने. आईने अभ्यासाचं खोटं सांगितलं, मी ते खोटं चालू ठेवलं, आणि वर लोकांना सांगत राहिले की लाजायचं कारण नाही. सगळ्यात जास्त राग मला याच गोष्टीचा आला. तुझ्या पत्रानंतर दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मग आठवडी बाजार आला.

टोळ्या निघण्याआधीचा शेवटचा बाजार होता. मुकादम सगळे चहाच्या हॉटेलापुढच्या बाकांवर बसतात, टोळ्या तिथेच ठरतात. चतुराबाई आणि बाकीच्या बाया लांब लिंबाखाली बसल्या होत्या. मी ताईंचे दाखले घेऊन गेले. राधाकिशनने दाखला उलटा धरला, सुलटा केला आणि परत दिला.

"बाई, कागद कुनीबी लिहितं. बरा झाला म्हनता, पन बरा झालेला मानूस दाखवा की एकतरी. चालता बोलता."

दुसरा एक मुकादम म्हणाला, "दाखवतील कुठून? असली मानसं दिसतात व्हय!" सगळे हसले.

मी म्हणाले, "तुमच्यासमोर उभी आहे."

हसणं एकदम थांबलं नाही, हळूहळू थांबलं. मी माझं नाव सांगितलं, बाबांचं नाव सांगितलं, अंबाजोगाईला आमचं दुकान कोणत्या गल्लीत आहे ते सांगितलं. सहा महिने ताईंच्याच दवाखान्याचं औषध घेतलं, एक दिवस चुकवला नाही, ते संपून चौदा महिने झाले, रोज आठ तास काम करते. हॉटेलवाला किटली हातात घेऊन उभा राहिला. लिंबाखालून चतुराबाई उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी म्हणाली, "पोरी, एवढं मोठ्यानं?"

राधाकिशनने खिशातून ती दोन पानं काढली. बोट लावून वरून खाली सगळी नावं बघितली. मग दुसऱ्यांदा बघितली.

"तुमचं नाव तर यात न्हाई, बाई."

"नाही," मी म्हणाले. "ते पान छापायचं राहिलं. म्हणून सांगायला आले."

रुद्राणी